दिवसाचा बांध

एकाग्रता कशी साधावी, थोड्या वेळात पुष्कळ काम कसे उरकावे आणि एवढे करूनही संसार, प्रकृती व मनःस्वास्थ्य कसे सांभाळावे, हे प्रश्न आज सुशिक्षित घरांतून जितक्या आतुरतेने विचारले जातात तितक्या आतुरतेने ते पूर्वी क्वचितच विचारले गेले असतील. पुस्तकांच्या कोणत्याही दुकानात या विषयाचा एक स्वतंत्र कप्पा आढळतो. पहाटे किती वाजता उठावे, कामाची यादी कशी करावी, मन भरकटू लागले म्हणजे त्यास कसे आवरावे, यांविषयी त्या पुस्तकांतून भरपूर उपदेश असतो, आणि त्यातील बराचसा निरुपयोगीही नसतो. परंतु या सर्व उपदेशाच्या मुळाशी एक गृहीत गोष्ट आहे. ती अशी की, मनुष्याचा दिवस हा त्याच्या स्वतःच्या हाती आहे. त्याचा विनियोग त्याला साधत नसेल, तर तो त्याच्या स्वभावाचा दोष होय.

आपल्या जुन्या ग्रंथांनीही मनोनिग्रहाचा उपदेश केला आहे. पण गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोग सांगताना आहार, विहार, निद्रा व जागृती यांच्या प्रमाणाचाही विचार आला आहे, हे विसरता कामा नये. प्रमाणावाचून योग साधत नाही, असा त्याचा आशय आहे. आता हे प्रमाण कोणी ठरवावयाचे? निसर्गाने, धर्माने, मालकाने, सरकारने, की ज्याचे त्याने? हा प्रश्न विचारला की आपण नीतिशास्त्रातून इतिहासात येतो. प्रस्तुत लेखात त्याच इतिहासाचा थोडासा भाग सांगण्याचा विचार आहे. आणि तो सांगावयास मी ज्या गावापासून आरंभ करणार आहे ते गाव म्हणजे मुंबईच्या उत्तरेस वसईच्या खाडीला टेकलेले मीरा-भाईंदर होय. येथे मनुष्याच्या दिवसाला मर्यादा घालण्याच्या चार निरनिराळ्या रीती एकमेकींशेजारी पाहावयास मिळतात.

पहिली रीत मिठागरांची. भाईंदरच्या भोवतालची खाजणे हा ठाणे जिल्ह्यातील मिठाच्या उत्पादनाचा एक जुना प्रदेश आहे. मीठ पिकविण्याची येथील क्रिया दिसावयास सोपी, पण फार धीराची. पावसाळा संपला की फुटलेले बांध दुरुस्त करावयाचे, वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून घट्ट करावयाची, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आले म्हणजे उघाडीतून खाडीचे पाणी आत घ्यावयाचे. हे पाणी एकदम शेवटच्या वाफ्यात सोडीत नाहीत. ते एका उथळ कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरवीत नेतात. उन्हाने व वाऱ्याने ते हळूहळू घट्ट होत जाते, आणि अखेरच्या वाफ्यात त्याचे दाणे बनू लागतात. मग ते ओढून बांधावर ढीग घालावयाचे व पहिल्या पावसाच्या आत ते हलवावयाचे किंवा झाकून ठेवावयाचे. पावसाचे चार महिने आगर बंद.

या कामात घड्याळाला स्थान नव्हते. स्थान होते ते चंद्राला आणि सूर्याला. भरती रात्री आली तर रात्री उठावे लागे, आणि ऐन दुपारी पाणी नुसते तापत असता माणसाला हात जोडून बसावे लागे. अधिक घाई केल्याने मीठ अधिक पिकत नसे. एक गोष्ट मात्र मजुराच्या हाती पूर्णपणे असे, ती म्हणजे बांध. बांध शाबूत असेल तरच पाणी स्थिर राहावयाचे, आणि पाणी स्थिर राहिले तरच त्याचे मीठ व्हावयाचे. बांधाला खिंड पडली की उन्हाने कितीही काम केलेले असो, नवे पाणी आत शिरून सर्व मेहनत पातळ करून टाकणार. या जीवनक्रमाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. आगरातील मजुराचे पाय खाऱ्या पाण्याने फुटत असत, आणि जो मीठ पिकवी त्याच्या पदरी त्या मिठाच्या किमतीपैकी फारच थोडे पडे. परंतु त्याच्या कष्टांना निसर्गाने एक सीमा आखून दिली होती, व ती सीमा ओलांडणे सावकारालाही शक्य नव्हते.

दुसरी रीत कोळ्यांची. भाईंदरच्या पश्चिमेस उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही समुद्रकाठची गावे आहेत. तेथील कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत आणि समुद्र शांत झाल्यावर पुन्हा त्या पाण्यात लोटीत; सर्व कोकण किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेचा सण हीच सीमा दाखवितो. विश्रांतीचे ते दिवस आळसाचे नसत. जाळी विणणे, होड्या डागडुजणे, लग्नकार्ये व नातीगोती यांची उस्तवार करणे हे सारे त्याच काळात होई. हेच दिवस माशांच्या विणीचे असल्याने समुद्रालाही तेवढी उसंत मिळे. आज सरकारने पश्चिम किनाऱ्यावर जून व जुलै असे दोन महिने यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी घातली आहे, ती या जुन्या वहिवाटीलाच दिलेले कायद्याचे रूप होय. यंत्राच्या बळाने जी मर्यादा ओलांडता येऊ लागली, ती पुन्हा कागदावर लिहून काढावी लागली.

तिसरी रीत याच गावांतील देवळांच्या घंटेची. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पाने ती जिंकून घेतली. या दोन सालांच्या मधल्या दोनशे वर्षांत या किनाऱ्यावरील पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. राज्य गेले तरी धर्म राहिला, आणि धर्माबरोबर रविवारही राहिला. सात दिवसांतून एक दिवस कामास हात लावावयाचा नाही, ही कल्पना गिरण्यांच्याही पूर्वी कितीतरी वर्षे या गावांतून रूढ होती. बाकीच्या महाराष्ट्रात तिला जोड नव्हती असे मात्र नव्हे. सण, व्रते, जत्रा, गावचा आठवडी बाजार आणि बैलांच्या मानेवरून जू उतरविण्याचा बैलपोळ्याचा दिवस, हे सारे कामाला आडवे घातलेले बांधच होते.

या तिन्ही रीतींचा एक समान गुण असा की, त्या सर्वांच्या सारख्या होत्या. भरती ओसरली की साऱ्या आगराचे काम थांबे; घंटा झाली की सारे गाव देवळाकडे निघे. एकट्याने विश्रांती घेतली म्हणून त्याला कोणी आळशी म्हणण्याचा प्रसंगच येत नसे.

या जगात चौथी रीत आली ती आगगाडीबरोबर. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ साली मुंबईपर्यंत पोचला, आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरार व मुंबईचे बॅकबे स्थानक यांच्या दरम्यान उपनगरी गाडी सुरू झाली. सकाळी पावणेसातला विरारहून निघावयाचे व सायंकाळी साडेपाचला मुंबईहून परत फिरावयाचे, अशी ती एकच गाडी. तिच्या थांब्यांत वसईच्या खाडीतील पाणजू या बेटाचे नाव होते, भाईंदरचे नव्हते. एका गाडीने फारसे काही बदलत नाही असे तेव्हा वाटले असेल. पण पावणेसात व साडेपाच या दोन आकड्यांच्या मध्ये मनुष्याचा संपूर्ण दिवस बसवून देणारे असे यंत्र या खाजणांनी तोपर्यंत पाहिले नव्हते. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. गाडी सरकत नाही.

ही गाडी ज्या मुंबईत जाऊन थांबे, तेथे याच सुमारास दिवसाची मर्यादा सर्वस्वी नाहीशी होण्याच्या मार्गावर होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेली कापडाची गिरणी १८५६ साली ताडदेव येथे चालू झाली, आणि पुढील तीस वर्षांत परळच्या आकाशात धुराड्यांची दाटी झाली. या गिरण्यांतून विजेचे दिवे येण्यापूर्वी कामाचे तास सूर्यावर अवलंबून असत. उजाडल्यापासून मावळेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-तेरा तास माणसे यंत्रापुढे उभी असत. यंत्राला भरती-ओहोटी नाही, पावसाळा नाही, आणि देवळाची घंटाही त्याच्या आवाजात ऐकू येत नाही. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी होती. पण गिरणीतल्या मजुराला सणावारांपलीकडे ठरलेला असा विसाव्याचा दिवस नव्हता. यंत्रे बंद राहिली तरी ती साफ करण्यासाठी त्याला पुष्कळदा हजर राहावे लागे. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखान्यांचा कायदा झाला. त्यात सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसास नऊ तासांपुरते मर्यादित केले गेले. त्यांच्या आईबापांच्या तासांविषयी कायद्याने मौन धरले होते.

हे मौन मोडण्यास जो पुरुष पुढे झाला तो आमच्या ठाण्याचाच. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. काही काळ रेल्वे व टपाल या खात्यांत आणि पुढे एका कापडगिरणीत त्यांनी नोकरी केली. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास काढलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून लोखंड्यांनी मुंबईहून चालविले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज तयार करविला. त्या अर्जातील मागण्या आज वाचताना मन थक्क होते, ते त्यांच्या मोठेपणाने नव्हे, त्यांच्या साधेपणाने. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताबरोबर बंद व्हावे. एका महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर इजा झाल्यास काही भरपाई व्हावी.

या अर्जास यश येण्यास सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी लोखंड्यांनी भरविलेल्या सभेस दहा हजारांच्या आसपास कामगार जमले होते, व तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. ज्या काळी पांढरपेशा घरांतील स्त्रियांनी सभेत बोलणे हे नवल मानले जाई, त्या काळी गिरणीत राबणाऱ्या दोन बायांनी हजारो पुरुषांपुढे उभे राहून विसाव्याचा हक्क मागितला. त्याच वर्षी १० जून रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याच्या सुट्टीची मागणी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला आधार दिला, स्त्रियांचे काम अकरा तासांवर व मुलांचे सात तासांवर आणले. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत वारले.

रविवारची सुट्टी ही इंग्रजांनी आपल्याबरोबर आणलेली व आपल्यास आयती मिळालेली देणगी आहे, अशी आपल्या पुष्कळ सुशिक्षितांची समजूत असते. कचेऱ्यांपुरती ती खरी असेल. परंतु घाटावरून पोटासाठी मुंबईत आलेल्या मजुराच्या बाबतीत ती खोटी आहे. त्याने हा दिवस सहा वर्षे मागून मिळविला. आणि तो खंडोबाचा वार असल्यामुळे त्याला तो परकाही वाटला नाही.

सुट्टी मिळाली तरी रोजच्या तासांचे काय, हा प्रश्न शिल्लक होता. आणि तो लवकरच अधिक बिकट झाला. या शतकापूर्वीचे शतक उगवताच मुंबईच्या गिरण्यांतून विजेचे दिवे आले, आणि सूर्यास्त ही जी शेवटची नैसर्गिक सीमा होती तीही पुसली गेली. कित्येक गिरण्या दिवसाला चौदा तासांपर्यंत व त्याहूनही अधिक चालू लागल्या. याच सुमारास, १ जानेवारी १९०६ पासून, सर्व देशासाठी एकच प्रमाणवेळ ठरली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती. आपल्याला पहाटे तेवढे आधी उठावे लागणार म्हणून काही गिरण्यांतील कामगारांनी त्याविरुद्ध दंगा केला, आणि नगरपालिकाही पुढे कित्येक वर्षे जुन्याच मुंबई-वेळेला चिकटून राहिली. घड्याळाचा काटा कोणी फिरवावयाचा, हा प्रश्न त्या लोकांना पोकळ वाटला नाही.

१९०७ साली नेमलेल्या कारखाना आयोगाने या लांबलेल्या दिवसाची चौकशी केली. या आयोगापुढे आलेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. हिंदी मजूर हा कामचुकार असतो, तो सारखा यंत्र सोडून बाहेर जातो, विडी ओढीत बसतो, अशी मालकांची तक्रार होती. चौकशीत जे दिसले त्याचा अर्थ उलट निघतो. चौदा तास एकसारखे लक्ष यंत्रावर ठेवणे कोणत्याही देहधारी माणसाला अशक्य आहे. म्हणून मजूर आपले बळ दिवसभर पुरवून वापरी आणि गिरणीतच फिरून, जेवून, बसून आपली विश्रांती काढून घेई. मालकाने दिवसाला बांध घातला नाही, तेव्हा मजुराने आपल्या कामातच शेकडो लहान लहान खिंडी पाडल्या. प्रौढ पुरुषांच्या तासांना प्रत्यक्ष मर्यादा घालावी की नाही, याविषयी आयोगात मतभेद होता, मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी ती घालावी असे भिन्नमत नोंदविले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. पुढे १९२२ साली आठवड्यास साठ तास, १९३४ साली बारमाही कारखान्यांत चौपन्न, आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस, अशी ती उतरत आली. १९४८ च्या कारखाने कायद्याने हीच अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम केली.

तास कमी केल्याने काम कमी होते, ही समजूतही याच काळात विलायतेत तपासली गेली. पहिल्या महायुद्धात तोफांचे गोळे करणाऱ्या कारखान्यांतून स्त्री-पुरुष देशभक्तीच्या भराने आठवड्याचे सातही दिवस राबत होते. सरकारने नेमलेल्या समितीने मोजमाप करून पाहिले तेव्हा असे आढळले की, फार लांब तास कमी केल्यावर दर तासाचे काम इतके वाढते की एकूण माल कमी होत नाही, आणि कोठे कोठे तो वाढतोही. जेथे इच्छेची कमतरता नव्हती, मालकाची जुलूम-जबरदस्ती नव्हती, शत्रू दाराशी होता, तेथील ही साक्ष आहे. एकाग्रता ही केवळ इच्छाशक्तीची बाब असती, तर ती तेथे चौदा तासही टिकावयास हवी होती.

येथे कोणी म्हणेल की, हातांच्या कामाचा न्याय बुद्धीच्या कामास कसा लागू पडावा? विद्वानांनी तर रात्रीचा दिवस करूनच ग्रंथ लिहिले. या आक्षेपाला मी महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे उदाहरण देईन. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची त्यांनी संपादिलेली आवृत्ती १९२६ साली प्रसिद्ध झाली. तिला जोडावयाच्या धर्मशास्त्राच्या त्रोटक इतिहासातून त्यांचा इंग्रजीतील ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ उगवला. त्याचा पहिला खंड १९३० साली व पाचव्या खंडाचा शेवटचा भाग १९६२ साली बाहेर पडला. एकूण पाने साडेसहा हजार. या अवधीत काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत होते, १९४७ ते १९४९ पर्यंत मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि पुढे राज्यसभेचे सभासद होते. १९६३ साली त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले. हे काम अमानुष वाटते खरे. पण १९२६ ते १९६२ ही छत्तीस वर्षे साडेसहा हजार पानांत वाटून पाहा: दिवसास जेमतेम अर्धे पान पडते. त्या अर्ध्या पानामागे किती वाचन असेल ते जाणते जाणतातच. तरीही आश्चर्य एका दिवसाच्या कामाचे नाही. छत्तीस वर्षे तो दिवस मोडू न देण्याचे आहे. एका भरतीत सारे आगर भरून काढणारा हा मनुष्य नव्हता. याने बांध राखला.

आता पुन्हा भाईंदरकडे वळू. पश्चिम रेल्वेच्या या भागावर १९३६ साली विजेच्या गाड्या विरारपर्यंत धावू लागल्या. १९८५ साली येथे नगरपालिका आली, २००२ साली महानगरपालिका झाली. १९९१ च्या शिरगणतीत पावणेदोन लाख असलेली वस्ती २०११ च्या शिरगणतीत आठ लाखांवर गेली. ज्या खाजणांत पाणी स्थिर राहत असे त्यांच्या कडेने आता इमारतींच्या रांगा उभ्या आहेत, आणि त्या इमारतींतून रोज पहाटे माणसांची भरती स्थानकाकडे लोटते. भाईंदर ते चर्चगेट हे अंतर सुमारे ४३ किलोमीटर. जलद गाडीलाही तासाहून अधिक वेळ लागतो. घरापासून स्थानकापर्यंतचा व स्थानकापासून कचेरीपर्यंतचा वेळ त्यात मिळविला, तर जाण्यायेण्यात दिवसाचे तीन तास सहज जातात. आठवड्याचे ते अठरा झाले. कामाचे अठ्ठेचाळीस धरले तर बेरीज सहासष्ट होते. आता लोखंड्यांच्या अर्जाकडे पाहा. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, मध्ये अर्धा तास विसावा, आठवड्याचे सहा दिवस: हा हिशेबही ऋतुमानाप्रमाणे साठांच्या वर व सत्तरच्या आसपासच येतो. वर्षानुवर्षे झगडून कायद्याने जे तास माणसाच्या पदरात टाकले, ते शहराच्या लांबीने त्याच्या पदरातून काढून घेतले आहेत. २०२३ साली एका विख्यात उद्योगपतींनी तरुणांनी आठवड्यास सत्तर तास काम करावे, असा उपदेश केला. तेव्हा त्यांच्या ध्यानात कदाचित आले नसेल की, हा आकडा १८८४ सालच्या अर्जातला आहे, आणि भाईंदरचा तरुण तो आजही, गाडीच्या दारात लोंबकळत, जवळजवळ भरीतच असतो.

शिवाय गाडीतून उतरल्यावरही दिवस संपत नाही. खिशातील दूरध्वनीवरून कचेरी घरी येते, जेवणाच्या पाटावर बसते, आणि रविवारी देवळातही बरोबर असते. विजेच्या दिव्याने सूर्यास्त पुसला, त्याप्रमाणे या यंत्राने उंबरठा पुसला आहे. मग ज्याप्रमाणे गिरणीतला मजूर यंत्र सोडून विडी ओढावयास जाई, त्याप्रमाणे आपणही दर पाच मिनिटांनी काम सोडून त्याच दूरध्वनीवर काहीतरी पाहत बसतो, आणि मग आपले चित्त एकाग्र होत नाही म्हणून उपदेशाची पुस्तके विकत घेतो. आयोगाने मजुराविषयी जे शोधून काढले ते आपण आपल्याविषयी शोधून काढण्याची वेळ आली आहे.

वर्गात शिकविताना मला याचा अनुभव रोज येतो. मीरा रोड-भाईंदरहून येणारे विद्यार्थी मागील बाकावर पेंगतात, तेव्हा पूर्वी मी त्यांस रागे भरत असे. एके दिवशी एका मुलीला जरा कठोरपणे बोललो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “सर, पहाटे साडेचारला उठून घरचे पाणी भरून येते.” तेव्हापासून आळस या शब्दाचा उपयोग मी जपून करतो. आणि खरे सांगावयाचे तर माझ्या स्वतःच्या हातून एक ऐतिहासिक टिपण अनेक वर्षे अपुरे राहिले आहे. वेळ मिळत नाही, असे मी सर्वांस सांगत आलो. परंतु परीक्षेच्या उत्तरपत्रिका, समित्यांचे कागद व वेळीअवेळी आलेले निरोप यांना मी कधी ‘आता नाही’ असे म्हटले नाही; माझा बांध मीच फोडलेला होता, आणि त्याचे पाणी मात्र दुसऱ्यांच्या नावे मांडीत होतो.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र आहे, व तो टाळून संतुलित जीवनाविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९९२ साली पश्चिम रेल्वेने खास स्त्रियांसाठी संपूर्ण गाडी सुरू केली आणि पुढे ती विरारपर्यंत नेली. सायंकाळच्या बायकांच्या डब्यात भाज्या निवडल्या जातात, शेंगा सोलल्या जातात, हे दृश्य आपण कौतुकाने सांगतो. कौतुकाची गोष्ट ती आहेच; पण तिचा अर्थ असा की, त्या स्त्रीच्या एका कामाचा शेवट व दुसऱ्या कामाचा आरंभ यांमध्ये चाळीस किलोमीटरचे अंतर असूनही विसाव्याचा एक क्षण नाही. १८९० च्या सभेत ज्या दोन स्त्रियांनी रविवार मागितला, त्यांना तो गिरणीकडून मिळाला; घराकडून तो मिळाला की नाही, हे इतिहासाने लिहून ठेवलेले नाही. आजच्या घरांतून तो मिळतो काय, याचे उत्तर ज्याचे त्याने आपल्या स्वयंपाकघरात डोकावून द्यावे.

या सर्वांवर एक रास्त आक्षेप आहे. ज्याची नोकरी कंत्राटी आहे, ज्याच्या घराचे हप्ते डोक्यावर आहेत, त्याने बांध घालावा कसा? ‘आता नाही’ असे म्हणण्याची चैन त्याला परवडते काय? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तरही याच इतिहासात आहे. लोखंड्यांनी मजुरांना एकेकट्याने पहाटे लवकर उठून चित्त स्थिर करण्यास सांगितले नाही. साडेपाच हजार सह्या एका कागदावर आणल्या. भरती-ओहोटी, पावसाळा व देवळाची घंटा या मर्यादा टिकल्या, कारण त्या सर्वांच्या होत्या. रविवार टिकला तोही सर्वांचा म्हणूनच. म्हणून ज्यांच्या हाती थोडाबहुत अधिकार आहे, म्हणजे कचेरीतील वरिष्ठ, शाळा-महाविद्यालयांचे चालक, आणि घरातील कर्ते पुरुष, त्यांच्यावर पहिली जबाबदारी येते. रात्री निरोप न धाडणारा वरिष्ठ दहा माणसांच्या संध्याकाळी राखतो. रविवारी सकाळची चूल स्वतः पेटविणारा नवरा एका माणसाचा रविवार राखतो. या गोष्टी लहान आहेत. पण दुपारच्या अर्ध्या तासाची मागणीही लहानच होती.

आणि मग, दिवसाला असा बांध पडल्यावर, ज्याच्या त्याच्या अभ्यासाची व निग्रहाची पाळी येते. तीही येतेच. बांध घातला म्हणून मीठ आपोआप होत नाही. त्याला ऊन लागते, आणि रोज वाफ्याकडे पाहणारा माणूस लागतो. फक्त क्रम उलटा करून चालत नाही. फुटक्या बांधाच्या आगरात उभे राहून उन्हाला दोष देण्याची आपली जी सवय झाली आहे ती सोडली, तर काण्यांप्रमाणे साडेसहा हजार पाने नाही, तरी दिवसाचे अर्धे पान आपल्यापैकी पुष्कळांच्या हातून लिहून होईल. माझे ते अपुरे टिपण मी गेल्या महिन्यापासून पुन्हा हाती घेतले आहे. रोज सकाळी एक तास, दूरध्वनी दुसऱ्या खोलीत. रविवारी मात्र नाही. रविवारी चहा मी करतो.